हळू आवाजातला समारोप

यंदाही मार्गशीर्ष लागता लागता आमच्या चौकातल्या विजेच्या तारांवर कापूस दिसू लागला. जिनिंगकडे निघालेले ट्रॅक्टर इथेच वळण घेतात. वळताना ट्रॉलीवर उंच रचलेला माल कडुनिंबाच्या फांद्यांना घासतो आणि मग दिवसभर पांढरे पुंजके हवेत तरंगत, अडकत, पुन्हा सुटत राहतात. अंगणातल्या तुळशीत, दोरीवरच्या ओल्या कपड्यांत, वर्तमानपत्राच्या घडीत, कुठेही ते सापडतात. दुपारी वारा फिरला की सरकीचा तेलकट, किंचित कडवट वास घरात शिरतो. यवतमाळात जन्मलेल्या माणसाला हा वास जाणवूही नये. मला मात्र तो आला की मी खिडकी लावून घेतो, आणि त्याचा संबंध कापसाशी कमी आणि एका सभेशी अधिक आहे, हे आता पन्नाशी उलटून पुष्कळ वर्षे गेल्यावर मान्य करायला हरकत नाही.

ती वर्षे कापसाच्या वाताहतीची होती. खरेदी केंद्रे कधी उघडत, कधी न सांगता बंद होत. भरलेल्या गाड्यांची रांग गावाबाहेर जाई आणि रांगेतली माणसे गाडीखालीच सावली धरून झोपत. बाहेरगावचे लोक येत, आमच्या जिल्ह्याचे नाव घेऊन परत जात. त्या काळाविषयी जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यात मी भर घालणार नाही. त्याच वर्षांत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक लहानशी गोष्ट उगवली होती आणि तिथेच ती दुभंगली. तिची बातमी कुठेच आली नाही.

माझी पत्नी नलिनी तेव्हा तंत्रनिकेतनात संगणक शिकवीत असे. जिल्ह्यातल्या गावोगावी कामानिमित्त यंत्रापुढे बसलेल्या बायका तिच्या ओळखीच्या होत होत्या. कुणी टेलिफोनचे बूथ चालवी, कुणी संगणकाचे वर्ग घेई, कुणी बाजार समितीत नोंदी टंकित करी. प्रत्येकीची अडचण एकच होती. अडले तर विचारायचे कुणाला? कचेरीतल्या पुरुषांना विचारावे तर ते उत्तर देण्याआधी हसत. म्हणून नलिनीने या बायकांना एकमेकींशी जोडले. महिन्यातून एका रविवारी आमच्याकडे जमायचे, एरवी फोनवर विचारायचे. मंडळाचे नाव तिनेच ठेवले, ‘कळफलक’. पुढे बोरी अरबला आणि मारेगावला शाखा झाल्या; मुकुटबनच्या मुली मारेगावच्याच शाखेत येत.

कळफलकचा एक नियम होता, तो मला आजही सुंदर वाटतो. जिला येत नाही तिने खुर्चीत बसायचे, आणि जिला येते तिने तिच्यामागे, स्वतःचे हात पाठीशी बांधून उभे राहायचे. सांगायचे ते तोंडाने. माउसला हात लावला की त्या दिवशीचा चहा तिने करायचा. शिकवणाऱ्या बाईची बोटे पाठीमागे कशी वळवळत, हे मी दाराशी उभा राहून पाहत असे.

बोरी अरबच्या शोभाकाकू या नियमाला सर्वांत वैतागत. बूथवर बसून बसून त्यांची जीभ सैल झालेली होती. “नलूबाई,” त्या म्हणत, “मले हात मागे बांधायले लावता, चोर हाय का मी?” आणि कुणी नवी बाई घाबरून पडद्याकडे पाहत राहिली की म्हणत, “भेतं काहून वं? टीव्हीच हाय हा. फकस्त मालिका आपल्यालेच लिवा लागते.”

करुणा मारेगावची. जिनिंगमध्ये वजनकाट्यावरच्या संगणकापुढे बसणारी. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली शाळेतली बक्षिसे ओळीने मांडलेल्या घरातून ती आली होती, आणि आपण पुढे जायचे ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे, हे तिला लहानपणीच कळले होते. पदविकेच्या वर्षी ती आमच्याकडेच राहिली. नलिनी तिच्यावर रागावे, तिच्या केसांना तेल लावी, तिच्याशी वाद घाली. माझ्याशी मात्र करुणा कधी वाद घालीत नसे. मला तो माझ्याविषयीचा आदर वाटे.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत असे. मंडळात मी एकटाच पुरुष होतो, सतरंज्या घालणारा आणि सल्लागार म्हणवला जाणारा. माझ्याकडे एक काम आपोआप चालत आले होते, ते समारोपाचे. सुरुवातीच्या सभांत बायका तावातावाने बोलत, एकीचे दुसरीला ऐकू येत नसे, आणि मतदान घ्यावे तर हरलेली शाखा महिनाभर रुसून बसे. तेव्हा शोभाकाकूंनीच सुचवले की शेवटी सरांनी दोन शब्द बोलावेत आणि तेच ठरले असे समजावे. सर्वांना ते सोयीचे वाटले. मग कळफलकमध्ये मत कधी मोजले गेले नाही. सगळे बोलून झाले की खोली शांत होई, मी कुणालाही न दुखावता, हळू आवाजात प्रत्येकीच्या म्हणण्यातला चांगला भाग वेचून घेई, आणि शेवटी विचारी, “पटतं ना?” कुणी नाही म्हटल्याचे मला आठवत नाही.

हळू बोलणे हा माझा स्वभाव आहे. वडीलही असेच बोलत. आवाज चढवणाऱ्या माणसांविषयी आमच्या घरात एक न बोललेली कीव असे.

मंडळाचे अध्यक्षपद दर वर्षी एका शाखेकडे जायचे, हे आरंभीच ठरलेले होते. यवतमाळचे झाले, बोरी अरबचे झाले, मग पुन्हा यवतमाळकडे आले, कारण मारेगावची शाखा तेव्हा नवी होती. पुढच्या वर्षी मात्र मारेगावचीच पाळी होती आणि अध्यक्ष ठरवायच्या सभेला करुणा तयार होऊन आली होती. तिच्यापाशी एक कल्पना होती. काट्यावर बसणाऱ्या आणि बाजार समितीत नोंदी करणाऱ्या मुलींना आपापल्या ठिकाणचा त्या दिवशीचा भाव सकाळीच कळतो. त्यांनी तो एकमेकींना फोनवरून संदेशाने कळवायचा आणि प्रत्येकीने आपल्या गावातल्या बायकांपर्यंत पोचवायचा. गाडी जुंपण्याआधी घरात ठाऊक हवे, आज माल वणीला न्यायचा की पांढरकवड्याला.

खोलीत कुजबुज झाली. यवतमाळ शाखेतल्या मालतीताईंचे यजमान अडतीचा, म्हणजे शेतमालाच्या दलालीचा व्यवसाय करीत. त्या म्हणाल्या, “आपण शिकायला जमतो, करुणा. बाजार मांडायला नाही.”

“बाजार आपन कोठी मांडला, ताई?” करुणा म्हणाली. “तो मांडेलच हाय. आपन फक्त भाव सांगून राह्यलो.”

“आणि उद्या कुणी म्हणालं की बायका राजकारण करतात?”

“म्हनू द्या. कम्प्युटर शिकलो तवाबी म्हनतच होते.”

शोभाकाकू हसल्या, पण एकट्याच. मग नेहमीसारखे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

त्या समारोपातला शब्दन् शब्द मला आठवतो, कारण तो मला फार जमला होता. मी करुणाच्या कल्पनेचे मनापासून कौतुक केले. चांगली कल्पना घाईमुळे वाया जाते, असे म्हणालो. मालतीताईंची काळजीही आपुलकीतून आलेली आहे, असे म्हणालो. त्या वर्षी पुण्यात बाहेरच्या संस्थांपुढे मंडळाची बाजू मांडायची होती, तिथे सराईत माणूस असावा, म्हणून नलिनीने आणखी एक वर्ष अध्यक्ष राहावे आणि तेवढ्या काळात मारेगावने आपली योजना पक्की करावी, असे सुचवले. वर्ष काय, बघता बघता जाते. “पटतं ना, करुणा?”

तिने सतरंजीच्या एका सुटलेल्या दोऱ्याला गाठ मारली आणि म्हणाली, “पटते, सर.”

टाळ्या वाजल्या. निघताना तिने नलिनीला नमस्कारही केला. जगातला सर्वांत सभ्य तोडगा आपण काढला, या समाधानात मी सतरंज्या गुंडाळल्या.

संक्रांतीनंतरच्या रविवारी वार्षिक मेळावा होता. दोन दिवस आधी नलिनीने मारेगावला फोन केला. मी शेजारीच बसलो होतो, त्यामुळे पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. “किती जणी येताय गं? भाताचा अंदाज लागत नाही.”

“सगळ्याच येतो, ताई.”

“मुकुटबनच्या पण?”

“हो, त्याबी.”

नलिनीने सोलेभात केला, कारण तुरीच्या ओल्या शेंगा नुकत्याच बाजारात आल्या होत्या आणि करुणाला तो भात आवडे. भरताची वांगी अंगणात भाजली. त्या धुरात हवेतला कापूस मिसळला होता आणि उन्हात दोन्ही सारखेच दिसत होते. यवतमाळच्या बायका आल्या, मालतीताई तिळाचे लाडू घेऊन आल्या. मारेगावसाठी मांडलेली ताटांची ओळ रिकामी राहिली. गाडी बिघडली असेल, असे मी म्हणालो. मोसमात रस्ता ट्रॅक्टरांनी भरतो, असेही म्हणालो. माझ्यापाशी कारणांची कमतरता कधीच नसते.

शोभाकाकू उशिरा, एकट्याच आल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही. “नलूबाई, वाट नका पाहू. मारेगाववाल्या नाही येत.”

“का? काय झालं?”

“त्याहीनं काल आपलं मंडळ काढलं. येगळं. मुकुटबनच्या पोरीबी तिकडं गेल्या. करुणा अध्यक्ष. फोटो निंगाला, हार घातले, सारं झालं.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “माह्या बोरीच्याबी दोघी गेल्या. मले म्हने, काकू, तुमीबी या.”

“मग तुम्ही का नाही गेलात?” मालतीताईंनी विचारले.

“तिकडं चहा कोन करनार, मी?” काकू म्हणाल्या. कुणीच हसले नाही.

नलिनीने जमलेल्यांना वाढले, आग्रह केला, पुण्याला काय ठरले ते सांगितले. सगळ्या गेल्यावर ती मोरीपाशी बसली आणि तिने सगळी ताटे घासली. मारेगावच्या ओळीतली, ज्यांना कुणाचा हात लागला नव्हता, तीसुद्धा. मी म्हणालो, “अगं, ती स्वच्छच आहेत.” ती म्हणाली, “मांडली होती ना.”

वेगळे होण्याचा राग तिला तितका नव्हता, हे मला तेव्हाही समजत होते. मंडळे फुटतात. पुरुषांची फुटतात, तशी बायकांचीही फुटणार. तिला लागले होते ते ‘सगळ्याच येतो, ताई’ हे वाक्य. ज्या फोनवरून ते आले, तो फोन ती कितीतरी दिवस उचलायला मलाच सांगे.

कळफलक त्यानंतर थोडीच वर्षे टिकले. पुण्याचे निमंत्रण पुन्हा आले नाही. मालतीताईंच्या घरी सून आली आणि त्यांचे येणे थांबले. एका रविवारी नलिनी आणि शोभाकाकू अशा दोघीच समोरासमोर बसून चहा प्याल्या आणि पुढच्या रविवारची तारीख कुणीच काढली नाही.

मी काय करीत होतो? मी मनातल्या मनात करुणाविरुद्ध समारोप रचीत होतो. आमच्या घरचे अन्न, नलिनीचे श्रम, आमचा विश्वास, एकेक मुद्दा नीट क्रमाने. वर्गात कृतघ्नतेचे उदाहरण द्यायची वेळ आली की माझा आवाज आणखी हळू होई. आणि मी तिच्या अपयशाची वाट पाहिली. हो, मी वाट पाहिली. तिचे मंडळही फुटावे, तिने एक दिवस आमच्या दाराशी यावे आणि मी तिला मोठ्या मनाने आत घ्यावे, असे एक चित्र मी अनेक हिवाळे जपले.

तिचे काम मात्र चालले. एका सकाळी मारेगावच्या बसस्थानकावर मी गाडीची वाट पाहत होतो. बाजूच्या बाकावर एक म्हातारी होती, तिच्या मांडीवर कापसाची लहानशी बोचकी. तिच्या सुनेने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन वाचले, “आत्याबाई, वनीले आज भाव चढेल हाय. पांढरकवड्याले नोको म्हना त्याइले.” म्हातारीने पदराची गाठ सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाली, “मंग लाव नं फोन त्याले. बैल जुंपून बसला असन.” माझ्या मनात त्या क्षणी अभिमान उसळला. आमचीच मुलगी ती! मग आठवले की ती आता आमची नाही, आणि मी तो अभिमान परत जागच्या जागी ठेवून दिला.

आम्ही हात बांधायला शिकवले, माझी जीभ बांधायचे कुणाला सुचले नाही. हा विचार मला फार उशिरा, अगदी गेल्या काही वर्षांत शिवू लागला. तोपर्यंत मी स्वतःला फसवला गेलेला माणूसच समजत होतो. अजूनही समजतो. ती जाणीव अशी सहजी जात नाही. विश्वास मोडल्याची वेदना कारण कळल्यावर शहाणी होते, पण कमी होत नाही.

गेल्या रविवारी दुपारी फाटक वाजले. नलिनीने दार उघडले आणि ती तशीच उभी राहिली. बाहेर करुणा होती. चाळिशी ओलांडलेली, चष्मा लावलेली, खांद्यावर मोठी पिशवी. तिच्या केसांत कापसाचा एक पुंजका अडकला होता. पूर्वी नलिनीने तो सहज काढला असता.

“ये,” नलिनी म्हणाली.

ती पुढच्या खोलीत बसली. नलिनीने पोहे केले, तिच्यासमोर ठेवले, पण तिच्याजवळ बसली नाही. पुष्कळ वेळ प्रकृतीची, वाढलेल्या उन्हाळ्यांची, शोभाकाकूंच्या गुडघ्यांची चौकशी झाली. मग करुणाने बशी बाजूला सारली.

“ताई, मुकुटबनच्या पोरी गेल्या.”

“कुठे?”

“येगळ्या झाल्या. सकाळी उठली, मोबाइल पाह्यला, तर एकीमागं एक गट सोडून राह्यल्या. सतरा वेळा तेच अक्षर, ‘लेफ्ट’. प्रणाली त्याइची म्होरकी. माह्या हाताखाली शिकली हो ती, ताई. आदल्या दिवशी माह्या घरी जेवून गेली. मले एका शब्दानं सांगतलं नाही.”

नलिनी खिडकीकडे पाहत म्हणाली, “तूही नव्हतं सांगितलंस.”

बाहेर एक ट्रॅक्टर वळला.

“सांगनार होती,” करुणा म्हणाली. “तुम्ही भातासाठी फोन केलता नं, तवा तोंडावर आलतं. पन सांगतलं असतं, तर तुम्ही म्हनाल्या असत्या, ये, सरांशी बोल. अन् मी आली असती. अन् सर बोलले असते.” तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. “तुमचं सारं बरोबरच असते, सर. तुम्ही इतकं हळू बोलता का समोरच्याले नाही म्हनाची लाज वाटते. भांडले असते तर मी भांडली असती. भांडता येते मले. पन तुमच्यापुढं मले फकस्त ‘पटते’ म्हनता ये. घरी गेल्यावर समजे का पटलं नोयतं.”

नलिनी वळली. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असे कधी पाहिले नव्हते. त्या नजरेत दोष नव्हता, ओळख होती. तिलाही घरी पोचल्यावर कधीतरी असे कळले असावे, फक्त तिचे घर हेच होते.

मला वाटले, करुणा आता उठेल. ती मात्र पुढे सरकून बसली.

“म्हनूनच त आली, सर. तुम्ही चला मुकुटबनले. येक डाव त्या पोरीइच्या समोर बसा. प्रणाली माह्याशी लय तोंड चालवते, पन तुमच्यापुढं नाही चालवनार. तुम्ही समारोप केला का ऐकतील त्या. येतील वापस.”

तिचा चेहरा आशेने उजळला होता. पदविकेच्या वर्षी निकालाच्या दिवशी तो असाच दिसला होता. तिचे वीस वर्षांचे काम त्या दोन शब्दांवर टेकले आहे असे तिला वाटत होते, आणि तिचा अंदाज चुकीचा नव्हता. मी गेलो असतो तर त्या मुली परत आल्याही असत्या. निदान घरी पोचेपर्यंत.

“मी येणार नाही, करुणा.”

“काहून, सर?”

उत्तर माझ्यापाशी तयार होते. ते आपसूक रचले गेले होते, नेहमीसारखे. आधी तिच्या दुःखाची दखल, मग तिच्या कामाचे कौतुक, मग प्रणालीची बाजू, मग तिच्याच शब्दांतून तिलाच मिळालेला धडा, आणि शेवटी तो प्रश्न. इतके निर्दोष उत्तर मी आयुष्यात रचले नसेल. ते ऐकून तिने मान हलवली असती, “पटते, सर,” म्हणाली असती आणि मारेगावच्या गाडीत बसली असती.

मी काही बोललो नाही.

तिने वाट पाहिली. नलिनीनेही पाहिली. मग करुणाने पिशवी खांद्याला लावली. “म्हंजे तुम्ही आजूक मनात धरून बसले,” ती म्हणाली. तिचा आवाज मोठा होता, या खोलीत माझ्यासमोर प्रथमच मोठा. “मले वाटलं, सर तरी तसे नाहीत.”

ती तडक फाटकाबाहेर गेली. नलिनी चप्पल न घालताच तिच्यामागे धावली. दोघी कोपऱ्यावर थांबून काहीतरी बोलत होत्या, हातवारे करीत, एकमेकींना तोडत, बहुधा भांडत. मी दारात उभा होतो. मी जुना सूड उगवला, असे समजून करुणा त्या दिवशी गेली, आणि तसे नाही हे तिला पटवून देण्याचा मोह मी अजून आवरून धरला आहे.